झोपताना उताणे, जागेपणी पालथे

सातारा जिल्ह्यातून एका आईने पाठवलेले पत्र समोर आहे. त्यांचा मुलगा अडीच महिन्यांचा आहे. तो पस्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे दिवस पुरे होण्याआधी जन्मला आणि पहिले काही दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. तिथल्या सिस्टर त्याला पालथे झोपवत असत, हे घरच्या सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून घरी आल्यावर सासूबाईही त्याला पालथेच झोपवू पाहतात, आणि तसा तो जास्त वेळ शांत झोपतो हेही खरे आहे. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी शिवून तयार आहे. दिरांचा अमेरिकेतून फोन येतो, की बाळाला उताणेच झोपवा, वेगळ्या क्रिबमध्ये झोपवा, खोलीत शेगडी ठेवू नका. अशातच शेजारच्या वाडीतले तीन महिन्यांचे बाळ झोपेतच गेले आणि ‘दूध श्वासनळीत गेले’ असे सगळे म्हणू लागले. तेव्हापासून या आई रात्री पुन्हा पुन्हा उठून मुलाचा श्वास चालू आहे ना ते पाहतात. पुढच्या महिन्यात पतसंस्थेतली त्यांची नोकरी पुन्हा सुरू होणार आहे आणि दिवसभर बाळ सासूबाईंकडे राहणार आहे. ‘घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन न दुखवता नेमके काय करू?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी सांगते, कारणे मग. बाळाला झोपवताना प्रत्येक वेळी उताणेच ठेवा. रात्रीच्या झोपेला तसेच, दुपारच्या डुलकीलाही तसेच. तुम्ही झोपवा किंवा सासूबाई झोपवोत, यात फरक पडू देऊ नका. कुशीवर ठेवणे हा मधला मार्ग म्हणून अनेकजण सुचवतात, परंतु कुशीवर ठेवलेले बाळ झोपेत सहज कलंडून पालथे होते आणि आपण कसे आलो तेथून परत कसे वळायचे हे त्याला या वयात कळत नाही, म्हणून तोही मार्ग सुरक्षित नाही. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत हा नियम पाळायचा आहे.

तुमच्या शेजारच्या बाळाविषयी काही लिहिण्याआधी एक विनंती करते. त्या आईला भेटाल तेव्हा ‘दूध पाजून ढेकर काढली नसेल’, ‘नीट लक्ष दिले नसेल’ असे कोणी तिच्यासमोर बोलणार नाही, एवढे पाहा. ते बाळ कशाने गेले हे कोणालाच ठाऊक नाही. वर्षाच्या आतले, वरवर निरोगी असलेले बाळ झोपेत अचानक दगावते आणि शवविच्छेदन, घटनास्थळाची पाहणी आणि आजारपणाची संपूर्ण माहिती तपासूनही कारण सापडत नाही, तेव्हा त्या मृत्यूला वैद्यकशास्त्रात सिड्स असे नाव दिले जाते. हे नाव १९६९ साली अमेरिकेतल्या सिअॅटल येथील परिषदेत ठरले. आपल्याकडे अशा वेळी शवविच्छेदन क्वचितच होते. घरचे लोक दुःखात असतात, बाळाला लवकर मूठमाती दिली जाते, आणि मग ‘दूध अडकले’ किंवा ‘आईच्या अंगाखाली आले’ अशी कारणे चिकटतात, जी त्या आईला आयुष्यभर पुरतात. प्रत्यक्षात अशा बाळांच्या श्वासमार्गात मृत्यूनंतर थोडे दूध आढळले, तरी ते बहुधा शेवटच्या क्षणी वर आलेले असते. तेच मृत्यूचे कारण होते असे त्यावरून म्हणता येत नाही.

हा धोका सर्वांत जास्त असतो तो दोन ते चार महिन्यांच्या वयात, आणि अशा मृत्यूंपैकी सुमारे नव्वद टक्के सहा महिन्यांच्या आत होतात. तुमचे बाळ आज त्याच वयात आहे आणि ते दिवस पुरे होण्याआधी जन्मले आहे, म्हणून मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना हा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. मात्र अधिक याचा अर्थ खूप असा नाही. हजारो बाळांमागे एखादे बाळ असे जाते, आणि तो धोकाही आपल्या हातातल्या साध्या गोष्टींनी बराच कमी करता येतो.

हे इतक्या खात्रीने का सांगता येते, ते सासूबाईंनाही ऐकवावे असे मला वाटते, कारण पालथे झोपवण्याचा आग्रह धरणाऱ्यांत एके काळी डॉक्टरच पुढे होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाश्चात्त्य देशांत बालसंगोपनाची लोकप्रिय पुस्तके आणि पुढे दवाखानेही ‘बाळाला पालथे झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी गुदमरणार नाही’ असे सांगू लागले. हे अनुमान ऐकायला पटणारे होते, पण ते कोणी तपासले नव्हते. त्यानंतरच्या काळात या देशांमध्ये झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढत गेली. हाँगकाँगमध्ये, जिथे बाळांना परंपरेने उताणे झोपवत, असे मृत्यू फारच थोडे होते, हे १९८५ मध्ये एका डॉक्टरांनी नोंदवले. १९८७ मध्ये नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ द योंगे यांनी ‘बाळांना पालथे झोपवू नका’ असे जाहीरपणे सांगितले आणि तिथली आकडेवारी खाली येऊ लागली. त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये तीन वर्षे चाललेल्या मोठ्या अभ्यासातून टाळता येण्याजोगी तीन मुख्य कारणे पुढे आली: पालथे झोपवणे, आईचे धूम्रपान आणि अंगावर न पाजणे. १९९१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये देशभर मोहीम सुरू झाली. तिच्यामागे ॲन डायमंड या दूरचित्रवाणी निवेदिकेचा मोठा पुढाकार होता. त्यांचे स्वतःचे चार महिन्यांचे बाळ त्याच वर्षी असे गेले होते. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये आपला सल्ला बदलला. त्या वर्षी तिथे दर हजार जन्मांमागे सुमारे १.२ बाळे सिड्सने दगावत होती; २००१ पर्यंत हे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. कोणतेही नवे औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाळ कोणत्या अंगावर ठेवायचे एवढाच बदल झाला होता.

या इतिहासात एक वेदनादायक भाग आहे. जुने सगळे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की पालथे झोपवणे धोक्याचे आहे हे कळण्यापुरता पुरावा १९७० मध्येच हाताशी होता, आणि तो तेव्हाच नीट पाहिला असता तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळे वाचली असती. म्हणून कोणी ‘डॉक्टर आज एक सांगतात, उद्या दुसरे’ असे म्हणाले, तर मला त्यांचा राग येत नाही. त्यांचे निरीक्षण खरे आहे. फरक एवढाच, की आजचा सल्ला अनुमानावर उभा नाही. वेगवेगळ्या देशांत तो अमलात आणून त्याचा परिणाम मोजला गेला आहे.

पालथे झोपल्याने नेमके काय होते, याचे संपूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. जे समजले आहे ते असे. पालथ्या बाळाचे तोंड-नाक अंथरुणाजवळ असते, त्यामुळे स्वतःच सोडलेला कार्बन डायऑक्साइड ते पुन्हा आत घेऊ शकते. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाव कमी मिळतो. आणि पालथे बाळ गाढ झोपते, सहज जागे होत नाही. तुमच्या सासूबाईंनी जे पाहिले ते अगदी बरोबर आहे, परंतु त्यांना जो फायदा वाटतो तोच धोका आहे. श्वास अडखळला की दचकून, रडून, मान वळवून जागे होणे हे तान्ह्या बाळाचे संरक्षण आहे. सिड्सने गेलेल्या काही बाळांच्या मेंदूत, श्वास, हृदयाचे ठोके आणि झोपेतून जागे होणे यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या तळाकडच्या भागात सेरोटोनिन या द्रव्याच्या कार्यात दोष आढळला आहे. असे नाजूक बाळ, त्याचे नाजूक वय आणि बाहेरची एखादी प्रतिकूल गोष्ट या तिन्ही एकत्र आल्या की अनर्थ घडतो, असे शास्त्रज्ञ मानतात. कोणत्या बाळात असा दोष आहे हे आधी ओळखण्याची सोय नाही. वय आपण बदलू शकत नाही. उरते ती तिसरी गोष्ट, आणि ती आपल्या हातात आहे.

आता काचेच्या पेटीविषयी. सिस्टरांनी त्याला पालथे ठेवले त्यात काही चूक नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या, श्वासाचा त्रास असलेल्या बाळांना पालथे ठेवल्याने छातीला आधार मिळतो आणि रक्तातला ऑक्सिजन सुधारतो, म्हणून तिथे तसे करतात. पण तेव्हा बाळाच्या पायाला ऑक्सिजन मोजणारी वायर लावलेली असते, श्वास किंवा ठोके जरा कमी झाले तरी यंत्र वाजते आणि सिस्टर धावत येतात. घरी ती वायर नसते, रात्रभर डोळे उघडे ठेवणारे माणूसही नसते. बाळ घरी जाण्याच्या काही दिवस आधीपासूनच त्याला उताणे झोपण्याची सवय लावावी आणि त्याचे कारण घरच्यांना समजावून सांगावे, हे खरे तर रुग्णालयाचे काम आहे. ते तुमच्या बाबतीत राहून गेले असावे, आणि त्याचे ओझे तुमच्यावर पडले आहे याचे मला वाईट वाटते.

दूध श्वासनळीत जाण्याची भीती हा सगळ्यांत मोठा अडसर असतो. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनळी वर आणि अन्ननलिका तिच्या खाली येते. पोटातून वर आलेल्या दुधाला श्वासनळीत शिरायचे तर वर चढावे लागेल. पालथ्या बाळात ही मांडणी उलटी होते. शिवाय निरोगी बाळाला ठसका लागतो, ते गिळते, खोकते, तोंड फिरवते; या प्रतिक्रिया झोपेतही काम करतात. म्हणूनच उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाल्यावर दूध अडकून होणाऱ्या मृत्यूंची संख्या वाढली नाही. पाजल्यावर बाळाला खांद्यावर उभे धरून दहा-पंधरा मिनिटे ढेकर काढा आणि मग उताणे ठेवा. दूध ओकण्याची सवय असलेल्या बहुतेक बाळांनाही हेच लागू आहे. त्यासाठी गादीचे डोक्याकडचे टोक उशा घालून उंच करू नका. बाळ त्यावरून घसरते आणि त्याची हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग दुमडतो.

गॅस आणि पोटफुगीसाठी पालथे ठेवायचेच असेल, तर ते जागेपणी ठेवा. ही गोष्ट सासूबाईंच्या हाती सोपवण्यासारखी आहे. बाळ जागे आणि खुशीत असताना, आंघोळीनंतर किंवा लंगोट बदलल्यावर, सतरंजीवर किंवा स्वतःच्या मांडीवर त्याला दोन-तीन मिनिटे पालथे ठेवायचे, समोर बसून त्याच्याशी बोलायचे, कंटाळले की उचलायचे, आणि असे दिवसातून अनेकदा करायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार, रांगू न लागलेल्या बाळाला दिवसभरात विभागून किमान अर्धा तास असे पालथे ठेवावे. त्याने मान लवकर सावरते, खांदे बळकट होतात, आणि सतत उताणे झोपण्याने मागून डोके चपटे होण्याची जी तक्रार असते तीही कमी होते.

राहिली मोहरीची उशी. ती वापरू नका, असेच मी म्हणेन, जरी ती किती मायेने शिवली असेल याची मला कल्पना आहे. या वयाच्या बाळाला कोणत्याच उशीची गरज नसते. उशीने मान पुढे झुकते. बाळ कलंडले तर नाक तिच्यात रुतते. शिवण उसवली तर मोहरीचे दाणे बाळाच्या नाका-तोंडात जाऊ शकतात. डोक्याला आकार देणाऱ्या उशांविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२२ मध्ये पालकांना इशारा दिला. डोके एका बाजूने चपटे होऊ नये यासाठी आज त्याचे तोंड खिडकीकडे, तर उद्या भिंतीकडे, असे आलटून पालटून झोपवा. थोडे चपटे झालेले डोके बाळ बसू लागल्यावर बहुतेक वेळा आपोआप भरून येते. मान एकाच बाजूला वळते, दुसऱ्या बाजूला वळतच नाही असे दिसले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

अंथरूण कसे असावे, याबाबत आपली साधी घरे खरे तर फायद्यात आहेत. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर घट्ट दुमडलेली गोधडी आणि ताणून घातलेले सुती कापड, हे बाळासाठी उत्तम अंथरूण आहे. नव्याने पिंजून भरलेली कापसाची मऊ गादी, फोमचा सोफा, भेट म्हणून आलेले मऊमऊ बेड आणि त्यांच्या कडेचे लोड मला धोक्याचे वाटतात. बाळाच्या आजूबाजूला उशी, लोड, सैल पांघरूण, मऊ खेळणी काही नको. लाकडी पाळणा चालेल, तळ सपाट आणि घट्ट असेल तर; पाळण्यावर टांगलेल्या खेळण्यांच्या दोऱ्या बाळाच्या हाताला येणार नाहीत हे पाहा. साडीच्या झोळीत मात्र बाळाचे शरीर वाकते, मान छातीवर येते आणि कापड तोंडाला लागते. जागेपणी, समोर बसून, चार झोके देणे वेगळे. झोळीत झोप लागली की उचलून सपाट अंथरुणावर ठेवायला हवे. मच्छरदाणी जरूर लावा, ती ताणून लावा, म्हणजे तोंडावर पडणार नाही. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत झोपवताना काढून ठेवा; दृष्टीसाठी हवाच असेल तर काजळाची तीट कपाळाऐवजी तळपायाला लावता येते.

तुम्ही थंडीच्या दिवसांत हे पत्र लिहिले आहे, म्हणून गरम ठेवण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. अति उष्णता हा या मृत्यूंमधला एक सिद्ध धोका आहे, आणि तान्हे बाळ शरीरातली बरीच उष्णता डोक्यातून बाहेर टाकते. घरात झोपवताना टोपडे आणि कुंची काढा; बाहेर न्यायचे असेल तेव्हा घाला. आपण जितके कपडे घालतो त्यापेक्षा एखादा थर जास्त, एवढे त्याला पुरते. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, ते लहान बाळांचे गारच असतात. मानेमागे किंवा पोटाला हात लावून पाहा, तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा. दुपट्यात गुंडाळत असाल तर ते छातीशी घट्ट आवळू नका, कमरेखाली सैल ठेवा, आणि बाळ पालथे पडण्याची खटपट करू लागले की त्याच दिवसापासून गुंडाळणे बंद करा, कारण हात बांधलेले बाळ पालथे पडले तर त्याला तोंड वर काढता येत नाही.

शेगडीबद्दल तुमच्या दिरांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निघतो आणि त्याने मोठी माणसेही झोपेत दगावतात. ओवा-वावडिंगाची धुरीही नको. त्या धुराने बाळाच्या नाजूक श्वासनलिकांचा दाह होतो. त्याच कारणासाठी घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर बाळाच्या खोलीतच नव्हे, घरातच ती नको. आईच्या धूम्रपानाचा धोका सर्वांत मोठा, परंतु बाळाभोवतीच्या इतरांच्या धुराचाही धोका सिद्ध झालेला आहे, आणि हे घरातल्या पुरुषांना स्पष्ट शब्दांत सांगण्याची जबाबदारी एकट्या तुमची नाही, तुमच्या यजमानांचीही आहे.

वेगळ्या क्रिबविषयी मी दिरांपेक्षा थोडे वेगळे सांगेन. अमेरिकी सल्ला असा आहे, की बाळाने आईच्या खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर, किमान सहा महिने झोपावे. तुमचे बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे, त्यामुळे तुम्हीही हेच करावे. पण त्यासाठी क्रिब विकत घेण्याची गरज नाही. तुमच्या अंथरुणाशेजारी, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर, त्याची स्वतंत्र छोटी गोधडी अंथरली की झाले. आई आणि बाळ जवळ झोपण्यालाच मी धोका म्हणत नाही. ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड शहरात भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांत बाळे आईजवळ झोपतात, तरी तिथल्या गोऱ्या कुटुंबांपेक्षा त्यांच्यात असे मृत्यू कमी आढळले. त्या आया सहसा सिगारेट ओढत नाहीत, मद्य घेत नाहीत. रात्री पाजता पाजता तुम्हाला डुलकी लागणारच. ती लागेल ती सपाट अंथरुणावर लागो, सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळ कुशीत घेऊन नव्हे. ती सर्वांत धोक्याची जागा आहे. जाग आली की त्याला त्याच्या गोधडीवर उताणे ठेवा. घरात कोणी मद्य किंवा झोपेचे औषध घेतले असेल, तर त्यांनी बाळाशेजारी झोपू नये. आणि बाळाला झोप यावी म्हणून सर्दी-खोकल्याचे किंवा दुसरे कोणतेही औषध देऊ नये.

अंगावर पाजत राहा. दोन महिने जरी पाजले तरी सिड्सचा धोका सुमारे निम्म्यावर येतो, आणि नोकरी सुरू झाल्यावर दूध काढून ठेवून तुम्हाला ते चालू ठेवता येईल.

नोकरीचाच विचार करून एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी तिची वाटली. उताणे झोपण्याची सवय असलेल्या बाळाला कोणी एखाद्या दुपारी पालथे झोपवले, तर त्या दिवशी त्याचा धोका नेहमी पालथे झोपणाऱ्या बाळापेक्षाही कित्येक पटींनी जास्त असतो. रात्री तुम्ही एक पद्धत पाळली आणि दिवसा सासूबाईंनी दुसरी, तर ती तडजोड बाळाला महागात पडेल. म्हणून कामावर रुजू होण्याआधी दोघींचे एकमत होणे आवश्यक आहे. त्यांना ‘तुमचे चुकते’ असे सांगण्याची गरज नाही, कारण त्यांनी रुग्णालयात जे पाहिले तेच त्या करत आहेत. पेटीतली वायर आणि घरातली रात्र यांतला फरक त्यांना समजावून सांगा. पुढे बाळ आपणहून दोन्ही बाजूंना सहज वळू लागले, की झोपेत ते पालथे झाले तरी त्याला पुन्हा पुन्हा उताणे करत बसावे लागणार नाही. ठेवताना उताणे ठेवायचे, मग ते वळले तर वळू द्यायचे.

रात्री श्वास पाहण्याबद्दल: लहान बाळे, विशेषतः दिवसांआधी जन्मलेली, झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबवून पुन्हा भराभर घेतात, ते नैसर्गिक आहे. श्वास वीस सेकंद किंवा अधिक थांबला, ओठ निळे-काळे पडले, किंवा बाळ लुळे पडले, तर मात्र वेळ न घालवता १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णालय गाठा. बाळाच्या पायात घालायचे श्वास मोजणारे मोजे घेऊ नका. त्यांनी असे मृत्यू टळतात असे आढळलेले नाही, खोट्या इशाऱ्यांनी तुमची झोप मात्र उडते. ऊब, अंथरूण आणि अंग या तीन गोष्टी झोपवताना एकदा नीट पाहिल्या, की तुम्ही स्वतः झोपायला हवे. थकलेल्या आईच्या हातूनच बाळ सोफ्यावर झोपते.

तुमच्या बाळाचे चौदाव्या आठवड्याचे लसीकरण आता जवळ आले आहे. लसीच्या वयात आणि सिड्सच्या वयात गाठ पडते म्हणून काहीजण लसीला दोष देतात. अभ्यासांत मात्र लस घेतलेल्या बाळांत हे मृत्यू कमीच आढळले आहेत, तेव्हा ती चुकवू नका. त्या दिवशी सासूबाईंना बरोबर घेऊन जा, डॉक्टरांसमोर बाळाला त्यांच्याच मांडीवर ठेवा, आणि ‘घरी कसे झोपवायचे’ हा प्रश्न तुमच्याऐवजी त्यांना विचारू द्या.